फळीबाहेर पडलेला फासा

आराखड्याशिवाय कोणतेही काम हाती घ्यायचे नाही, हा नियम मी तंत्रनिकेतनाच्या पहिल्या वर्षी शिकलो आणि एकतीस वर्षांच्या नोकरीत एकदाही मोडला नाही. महाड उपविभागातील सतरा मोऱ्या, चार बंधारे आणि एक विश्रामगृह माझ्या आराखड्यांवर उभी आहेत. त्यांपैकी काहीही पडलेले नाही. (विश्रामगृहाचा जिना पडला, परंतु तो मूळ आराखड्यात नव्हता!) अशा माणसाला एकुलत्या एका मुलाची सोयरीक जमवणे मोरी बांधण्यापेक्षा अवघड का वाटावे? मला वाटले नाही. पाया तेथेच चुकला.

मुलगा मुरारी. वय सत्तावीस, व्यापारी जहाजावर फिटर. १९८४च्या जानेवारीत तो तीन महिन्यांच्या रजेवर महाडला आला. मुलगी म्हणजे माझे बालमित्र धोंडू गुरुजी यांची मंजुळा. पोलादपूरला दवाखान्यात परिचारिका. गुरुजी तिकडेच कापडे गावच्या शाळेत शिक्षक. आम्ही दोघे वसतिगृहात एका कंदिलाखाली शिकलेले. कंदील त्यांचा आणि रॉकेल माझे.

या गुरुजींना मी वर्षापूर्वी रीतसर पत्राने मागणी घातली होती. सोबत मुलाची उंची, शिक्षण आणि रक्तगट. उत्तर आले दोन शब्दांचे : 'विचारून कळवतो.' चार महिन्यांनी स्मरणपत्र धाडले. 'विचारून कळवतो.' आणखी चार महिन्यांनी दुसरे. 'विचारून कळवतो.' अहो, कोणाला विचारून? एका बैठकीत साठ मुलांचे निबंध तपासणाऱ्या माणसाला एका होकारासाठी वर्ष लागावे?

मुरारीने या खेपेस परदेशातील एका बंदरातून एक खोका आणला होता. त्यात दोन पुस्तके आणि चित्रविचित्र फासे; एकाला तर चक्क वीस बाजू! खेळ असा : प्रत्येकाने एकेक सोंग घ्यायचे. कोणी योद्धा, कोणी तिरंदाज, कोणी जादूगार. एकजण सूत्रधार. तो सांगणार, 'तुम्ही भुयारात आहात, पुढे दार आहे.' मग प्रत्येकाने आपण काय करतो ते बोलायचे. ते जमले की फसले, हे फासा ठरवणार. ना सोंगट्या ठरलेल्या, ना पट. सगळे बोलण्यावर!

"जहाजावर आम्ही पूरा महिना एकच गेम खेळायचो," मुरारी म्हणाला. "टाइम कसा जातो समजतच नाय."

माझ्या डोक्यात तत्काळ आराखडा तयार झाला. दर रविवारी दुपारी गुरुजींना आणि मंजुळेला खेळायला बोलवावे. दोन्ही घरे समोरासमोर बसतील, मुले एकमेकांशी बोलतील, आणि आठव्या रविवारपर्यंत होकार आपोआप पिकेल. सोनाबाईला, म्हणजे माझ्या पत्नीला, मी कागदावर आकृती काढून दाखवली.

"अवो, त्यापरीस त्या पोरीला एकदा सरळ इचारा की!" ती म्हणाली.

"ती मुलीची बाजू आहे. तो गुरुजींचा विषय." मी आकृती घडी करून ठेवली.

पुस्तक इंग्रजीत. बिननियमांचा खेळ मला चालत नाही, म्हणून मी त्याचे मराठी भाषांतर केले. मूळ चौसष्ट पाने होती. मी ती बेचाळीस नियमांत बसवली आणि कार्बन लावून चार प्रती काढल्या. जेथे मूळ पुस्तक मूग गिळून बसले होते, तेथे स्वतःची भर घातली. उदाहरणार्थ, नियम सतरा : 'फासा फळीवरच टाकावा. फळीबाहेर पडलेला फासा रद्द समजून पुन्हा टाकावा.' भुयाराचा नकाशाही आलेख-कागदावर काढून दिला. आराखडा, उभा छेद आणि आडवा छेद. मुरारीच्या भुयारात पाण्याच्या निचऱ्याची सोयच नव्हती! मी चर दाखवले.

"बाबा, भुताच्या भुयारात गटार कशाला?"

"भुते असली म्हणून पाऊस थांबतो काय?"

पहिल्या रविवारी कापड्याहून बापलेक आले. मुरारी सूत्रधार. मी जादूगार. हसू नका! आमच्या घरातून मंत्रतंत्र, अंगारे, उतारे छप्पन साली धर्मांतराबरोबरच कायमचे बाहेर गेले. परंतु बाकीच्यांना मंत्रांची यादी पाठ होईना आणि मला ती एका संध्याकाळीत झाली. गुरुजी योद्धा. मंजुळा तिरंदाज. सोनाबाईने तलवार घ्यायला नकार दिला आणि ती भुयारात सगळ्यांना भाकऱ्या पुरवू लागली. आश्चर्य म्हणजे, मुरारीने ते चालवून घेतले! नकाशावर उभे करायला बाहुल्या नव्हत्या. मी खडूचा तुकडा झालो, सोनाबाई चिंचोका, मंजुळा शर्टाचे बटण. गुरुजींनी पानाच्या चंचीतून एक टणक सुपारी काढली आणि म्हणाले, "हा माझा योद्धा. फुटणार नाही."

आणि काय सांगू, गुरुजी त्या सुपारीत शिरले! जो माणूस शाळातपासनिसासमोर 'होय साहेब'खेरीज बोलत नाही, ज्याची बदली चार वेळा दुसऱ्याच्या सोयीसाठी झाली आणि चारही वेळा ज्याने मुकाट्याने ट्रंक उचलली, तो भुयारात गरजू लागला. "मी मागे सरणार नाही! दार मी उघडणार!" मंजुळा बापाकडे नवा माणूस पाहावा तशी पाही. मुरारी मंजुळेकडे पाही. सोनाबाई त्या दोघांकडे पाहून मला कोपराने ढोसत असे. आराखडा वेळापत्रकाप्रमाणे चालला होता.

फक्त होकार येत नव्हता. सात रविवार झाले. आठव्या रविवारी मुरारीच्या रजेचे जेमतेम तीन आठवडे उरले.

त्या दिवशी गुरुजी आले ते बगलेत एक कापडी पिशवी घेऊन. तोंड सुतळीने बांधलेले.

"काय आणलंत भावजी?" सोनाबाईने विचारले.

"खेळ आटपला की उघडू, वहिनी." गुरुजी हसले आणि त्यांनी पिशवी मांडीवर ठेवली. मंजुळा उगाचच आलेख-कागदाचा कोपरा सरळ करीत बसली. आज आठवते, मुरारीचे कान लाल झाले होते. मी ते उन्हामुळे समजलो.

खेळ रंगात आला. आणि माझी नजर माझ्याच यादीतल्या एका मंत्रावर पडली. मोहिनी. नियम एकोणतीस : 'ज्यावर मोहिनी पडेल तो जादूगाराला आपला परममित्र मानेल व त्याची कोणतीही वाजवी विनंती अमान्य करणार नाही.' आता पाहा, परममित्र तर गुरुजी होतेच. विनंतीही वाजवी होती. राहिला होता तो केवळ मंत्र!

"मी योद्ध्यावर मोहिनी घालतो," मी जाहीर केले.

मुरारीने पुस्तक मिटले. "बाबा, ही आपसात नाय लावायची. राक्षसावर लावा. जहाजावर एकाने दोस्तावर लावली, दोघं दोन महिने जेवताना बोलत नव्हते."

"पुस्तकात मनाई आहे काय?"

"लिवलेलं नाय. पण लावायचीच तर पयला त्याला विचारायचं. समजायची गोष्ट हाय ही."

"जे लिहिलेले नाही ते लागू होत नाही. कोणत्याही कंत्राटदाराला विचार!"

गुरुजी गोंधळले होते. "म्हणजे रावजी, तुम्ही सांगाल ते मी करायचं? माझ्या योद्ध्याला पटलं नाही तरी?"

"तुम्हाला बचावाचा फासा आहे ना! पंधरा किंवा अधिक पडले, तर मोहिनी निष्फळ. पूर्ण न्याय आहे."

गुरुजींनी वीस बाजूंचा फासा दोन्ही तळव्यांत घोळवला आणि टाकला. तो फळीवरून टणकन उडाला आणि कपाटाखाली गेला. मी गुडघ्यांवर बसून वाकलो. मंजुळा शेजारून वाकली. फासा कपाटाच्या पायाशी स्वस्थ पडला होता. अठरा.

मी फासा उचलला. "फळीबाहेर," मी म्हणालो. "नियम सतरा. रद्द." आकडा सांगण्याची नियमात तरतूद नव्हती, म्हणून सांगितला नाही.

गुरुजींनी पुन्हा टाकला. चार.

"पडली मोहिनी!" मी टाळी वाजवली. "आता योद्ध्याने माझ्यामागून शब्दशः म्हणायचे : माझी कन्या मी यांच्या घरी दिली. आणि ती सुपारी माझ्या हातावर ठेवायची!"

मला वाटले, सगळे खो खो हसतील. हसता हसता वर्षाची कोंडी फुटेल. कोणी हसले नाही. गुरुजी माझ्याकडे पाहत राहिले. पण अठ्ठावीस वर्षे मुलांना नियम शिकवलेला माणूस. नियम मोडणे त्यांच्या हाडात नाही. ते उठून उभे राहिले आणि मागच्या बाकापर्यंत पोचणाऱ्या आवाजात म्हणाले, "माझी कन्या मी यांच्या घरी दिली." आणि नकाशावरची सुपारी उचलून त्यांनी माझ्या हातावर ठेवली.

येथे एक खुलासा आवश्यक आहे. आमच्या भागात मुलीच्या बापाने पाच माणसांसमोर शब्द उच्चारला आणि मुलाच्या बापाच्या हाती सुपारी दिली, की सोयरीक झाली. पुरोहित गेले, मुहूर्त गेले. सुपारी मात्र राहिली. तिला कोणी हरकत घेतली नव्हती. आता मोजा : मी, सोनाबाई, मुरारी, मंजुळा आणि खिडकीबाहेर तांदूळ निवडत बसलेली शेजारीण काशीबाई. पाच!

"अगो सोने!" सूप खाली टाकून काशीबाई ओरडली. "सुपारी दिली गो गुरुजींनी! साखर आन!"

अर्ध्या मिनिटात वाडीतली पंधरा माणसे दारात. काशीबाईने स्वतःच्याच घरातून साखर आणली आणि माझ्या तोंडात कोंबली. मी खुलासा करणारच होतो. पण तोंडात साखर होती. आणि खरे सांगायचे, तर काम आराखड्याप्रमाणे पुरे झाले होते. उभे राहिलेले बांधकाम कोणता अभियंता स्वतःच्या हाताने पाडतो?

गुरुजींनी पिशवी पुन्हा बगलेत घेतली.

"भावजी, पिशवीत काय हाय ते दावलंत नाय," सोनाबाई म्हणाली.

"काही नाही, वहिनी. वह्या आहेत." आणि साडेचारच्या पोलादपूर गाडीने बापलेक गेले. चहा न घेता!

काशीबाईचा भाऊ त्याच संध्याकाळी मुंबईला निघाला होता. आमच्याकडे प्रत्येक गावाचे एक मुंबई मंडळ असते. गावात पाऊस पडला की नाही, हेही ते बैठक घेऊन ठरवते. गुरुवारी मला त्या मंडळाचे टपाल आले : 'ठराव क्रमांक सहा. चि. मुरारी व चि. सौ. कां. मंजुळा यांच्या नियोजित विवाहाबद्दल हार्दिक अभिनंदन. वरपक्षाने समाजमंदिरास एक मोठी सतरंजी द्यावी असे सर्वानुमते ठरले.' सूचक, अनुमोदक, सगळे व्यवस्थित. कागद इतका नेटका होता की, मी तो फाइलला लावला.

शुक्रवारी कापड्याच्या गावकीचे म्होरके हैबती स्वतः आले. वय सत्तर, हातात काठी. बसले नाहीत.

"सायेब, पोरगी गावची. शब्द द्यायचा तो गावकीत. तुमी म्हाडात बसून गुपचूप सुपारी घेतलीत, आन आमाला मुंबैवरनं कळतंय? रईवारी या. जाब द्या."

मी फाइल घेऊन गेलो. समाजमंदिरात सारे गाव बसले होते. एका बाजूला गुरुजी आणि मंजुळा, दुसऱ्या बाजूला आम्ही तिघे. मी नियमांच्या चारही प्रती वाटल्या आणि भुयाराचा नकाशा भिंतीला टाचला.

"गुरुजींनी शब्द दिला का नाय?" हैबतींनी विचारले.

"दिला. परंतु खेळात दिला."

"खेळात पोरगी दिली?"

"तसे नव्हे. त्या क्षणी गुरुजी हे गुरुजी नव्हते. ते योद्धा होते."

"मंग तुमी कोन व्हता?"

"मी..." घसा साफ केला. "जादूगार."

येथे थांबलो असतो, तरी निभावले असते. परंतु अहवाल अर्धवट ठेवण्याची मला सवय नाही!

"आणि मी त्यांच्यावर मोहिनी घातली होती," मी म्हणालो.

"मोहिनी?" मागून एक म्हातारी उठली. "छप्पन सालाला माज्या सासऱ्यानं गंडेदोरे तोडून सावित्री नदीत सोडले! आन ह्यो शिकलेला सायेब आपल्याच दोस्तावर मोहिनी घालतो?"

"आजीबाई, ती खरी मोहिनी नव्हती! तिला फासा लागतो. हा पाहा."

वीस बाजूंचा फासा हातोहात फिरला. हैबतींनी तो डोळ्यांजवळ धरला. "सा बाजूंचा असला तरी जुगार. ह्यो तर तिप्पट!"

म्हणजे हिशेब असा झाला : शब्द खरा म्हणावा, तर मी गावकी डावलली. खोटा म्हणावा, तर मी करणी केली. दोन्ही नाही म्हणावे, तर मी जुगारी! एकतीस वर्षांत असा तिन्ही बाजूंनी खचलेला पाया मी पाहिला नव्हता.

"ऱ्हाऊ दे," हैबती म्हणाले. "गुरुजी, तुमी बोला. तुमच्या मनात काय व्हतं?"

गुरुजी उठले. त्यांनी ती कापडी पिशवी आणली होती. सुतळी तशीच. त्यांनी गाठ सोडली आणि आतला खोका उघडून समोर ठेवला. पेढे. आठ दिवसांचे, वरून बुरशी धरलेली.

"मी त्या दिवशी होकार द्यायलाच गेलो होतो," ते म्हणाले. आवाज योद्ध्याचा नव्हता, नेहमीचाच होता. "वर्षभर मी मंजुळेला विचारत होतो. दर दोन महिन्यांनी एकदा. घाई नव्हती. ती म्हणायची, विचार करते. रावजींनाही मी तसंच लिहिलं, विचारून कळवतो. त्या रविवारच्या आदल्या शुक्रवारी ती हो म्हणाली. म्हणून पेढे घेतले. खेळ झाला की सांगणार होतो. आता सांगता येत नाही. जे स्वतःहून सांगायचं होतं ते माझ्याकडून वदवून घेतलं. आता हो म्हटलं, तर ते कोणाचं, हे मलाच कळणार नाही."

मी उभा राहिलो. "गुरुजी, मी ते सगळे मागे घेतो. रद्द समजा! पुन्हा विचारतो. लेखी विचारतो!"

"मला काय विचारता? तिला विचारा."

आयुष्यात प्रथमच मी मंजुळेला काही विचारायला तोंड उघडले. पण हैबतींनी आधी विचारले, "पोरी, तुजं काय हाय?"

तिने मुरारीकडे पाहिले. मुरारी जमिनीकडे पाहत होता. मग ती माझ्याकडे वळली.

"त्या शुक्रवारी हो होतं. आता नाही."

"का गो?"

"पहिल्यांदा अठरा पडले होते," ती म्हणाली. "कपाटाखाली. मी पाहिले. काकांनीही पाहिले."

समाजमंदिरात कोणाला काही कळले नाही. अठरा काय, कपाट काय! "म्हंजे?" हैबतींनी मला विचारले. मी हातातल्या मूळ प्रतीत नियम सतरा शोधू लागलो. कळले ते आम्हा पाच जणांना. गुरुजींनी माझ्याकडे पाहिले, आणि तो पाहण्याचा प्रकार मी येथे लिहीत नाही.

"तुम्ही आकडा सांगून रद्द केलं असतं, काका, तरी चाललं असतं," ती म्हणाली आणि खाली बसली.

परतीच्या गाडीत तिघे तीन बाकांवर बसलो. मुरारी रजा संपायच्या आठ दिवस आधीच निघाला. मी स्थानकावर गेलो होतो. "पत्र पाठव," मी म्हणालो. "विचारून कळवतो," तो म्हणाला आणि गाडीत चढला. मंजुळेने पुढे अलिबागला बदली मागून घेतली आणि तिकडेच लग्न केले. पत्रिका सोनाबाईच्या नावाने आली. गुरुजी बाजारात भेटले की नमस्कार करतात. दोन्ही हात जोडून. साहेबांना करावा तसा.

मी नियमावलीत दुरुस्ती केली आहे. नियम त्रेचाळीस : 'सहखेळाडूवर मोहिनी घालण्यापूर्वी त्यास विचारावे.' एक प्रत कापड्याला पाठवली. पोच आली नाही. सतरंजी मात्र मंडळाने ठराव दाखवून घेतलीच! सुपारी माझ्या टेबलाच्या खणात आहे. गुरुजी म्हणाले होते ते खरे, फुटली नाही.

खोका मुरारीने परत नेला. वीस बाजूंचा तो एक फासा तेवढा त्याने आईकडे दिला. सोनाबाईने तो चहासाखरेच्या डब्यांशेजारी ठेवला आहे. हल्ली मी दुपारी चहा मागितला की ती फासा घेते आणि ओट्यावर टाकते. पंधरा किंवा अधिक पडले तर आधण ठेवते, नाहीतर डबा पुन्हा फळीवर. तक्रार कोणाकडे करणार? नियम माझाच आहे.

परवा फासा ओट्यावरून उडाला आणि खाली घरंगळला. मी गुडघ्यांवर बसून पाहिले. अठरा! मी तेथूनच ओरडलो, "अठरा, सोनाबाई! अठरा!"

तिने वाकूनही पाहिले नाही.

"फळीबाहेर," ती म्हणाली. "रद्द."